व्हिनेगरवाल्याची सोयरीक

सोमवारी आक्काचं हॉटेल बंद असतं. त्या बंद हॉटेलात ती घरच्यांना जेवायला बोलावते तेव्हा दोनच शक्यता असतात: एक तर कुणीतरी गेलेलं असतं, नाहीतर कुणाची तरी खरडपट्टी निघायची असते. टेकडीवरून बंदराकडे उतरताना मालकांनी गाडीतच विचार करून पाहिला. गेलेलं तर कुणी नव्हतं. सगळे नातेवाईक सकाळपर्यंत ठणठणीत होते. म्हणजे खरडपट्टी. आणि घरात एवढी माणसं असली तरी ती आपलीच निघणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

"अहो, चेहरा जरा सरळ करा," मालकीणबाई शेजारून म्हणाल्या. "दात उपटायला चाललोय असं वाटतंय."

"तिनं तुला काही सांगितलंय?"

"मला कोण काय सांगतंय," असं म्हणून मालकीणबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. बाहेर सिमेंटची लांबलचक भिंत होती. ती त्यांनी संपेपर्यंत फार लक्ष देऊन पाहिली.

मालक म्हणजे टेकडीवरच्या द्राक्षमळ्याचे आणि वायनरीचे मालक. कामगार त्यांना मालक म्हणत, गाव मालक म्हणे, आणि चिडली की बायकोही मालकच म्हणे. जगात एकच बाई त्यांना 'बाळ्या' म्हणायची, ती आक्का. त्यांच्या डोक्यावरचे केस जाऊन जमाना झाला, दोन्ही गुडघे कुरकुरायला लागले, तरी आक्कानं हाक मारली की त्यांचा हात आपसूक नाक पुसायला वर जायचा.

हॉटेलात सगळ्या खुर्च्या टेबलांवर उलट्या चढवलेल्या होत्या. खिडकीजवळचं एकच लांब टेबल मांडलेलं होतं. धाकटा भाऊ आधीच येऊन पावाला लागला होता. तो पर्यटकांना गाडीत भरून सगळ्या वायनऱ्या फिरवून आणायचा, आणि ज्या गावात तो थांबे तिथं काहीतरी खाई. मालकांची लेक त्याच्यासमोर बसली होती. वायनरीची प्रयोगशाळा तीच सांभाळायची. बोटांना कसले कसले डाग, आणि नजर समोरच्याच्या आरपार.

"बस, बाळ्या," आक्का म्हणाली. "सूप निवतंय."

मालक बसले. आपल्या मळ्याच्या दोन बाटल्या त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवल्या. या हॉटेलात दुसऱ्या कुणाची वाइन कधी आलीच नव्हती. वडिलांनी टेकडी थोरल्या मुलाला दिली आणि हॉटेल लेकीला दिलं, तेव्हापासून वर पिकायचं आणि खाली प्यायचं, असा सृष्टीचा नियमच होता. गल्लीतलं दुकान मालकीणबाईंचं. तिथं बाटल्या, ऑलिव्हच्या बरण्या, साबण आणि बाटल्यांना थंडीत घालायचे लोकरीचे मोजे मिळत. मोजे त्या स्वतः विणायच्या. ते अजून कुणी विकत घेतले नव्हते, पण त्या विणायच्या थांबल्याही नव्हत्या.

सूप झालं. आक्का आत जाऊन तळलेल्या माशांचं ताट घेऊन आली. मासा असा काही कुरकुरीत होता की मालकांची भीती पळाली.

"आक्का, आज हात काय लागलाय गं तुझा!" दुसरा तुकडा वाढून घेत ते म्हणाले. "असा मासा जन्मात खाल्ला नाही."

"आवडला ना? बरं झालं," आक्का म्हणाली. "मी लग्न करतेय. लिंबू पाहिजे का कुणाला?"

"कुणाशी?" धाकट्यानं विचारलं. पण त्यानं ते इतक्या चटकन आणि इतकं गोड विचारलं की शाळेतल्या नाटकातलं पोरसुद्धा त्याहून बरं बोललं असतं.

"टेकडीपलीकडच्यांशी."

"टेकडीपलीकडे कोण आहे?" मालक म्हणाले. "टेकडीपलीकडे कुणीच नाही. टेकडीपलीकडे फक्त तो व्हिनेगरवाला..."

आणि त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

टेकडीपलीकडे दुसरी वायनरी होती. तिच्या मालकानं आपली पहिली वाइन काढली तेव्हा मालकांच्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, मोठ्या मानानं चाखायला बोलावलं होतं. वडिलांनी एक घोट घेतला, जरा वेळ छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. काकडीवर शिंपडायला." झालं. त्या दिवसापासून तो माणूस या घरात व्हिनेगरवाला झाला. पुढं त्याच्या वाइनला पदकं मिळाली, बोटी भरभरून ती परदेशी जाऊ लागली, त्याची मिशी काळ्याची पांढरी झाली. पण नाव काही सुटलं नाही. कोल्ह्याला न मिळालेली द्राक्षं आंबट लागतात. मालकांना टेकडीपलीकडची सगळीच आंबट लागायची, तीही न चाखता.

"आणि दुसरी गोष्ट," आक्का म्हणाली. "येत्या हंगामापासून त्यांची पांढरी वाइन माझ्या मेनूत येणार. माशाबरोबर."

पहिल्या बातमीनं मालकांचा काटा हवेत थांबला होता. दुसरीनं तो खाली पडला.

"आक्का, लग्न कर! हवी तर दोन लग्नं कर! बाईमाणूस एकटी किती दिवस राहणार, मला काय कळत नाही का? पण त्याची वाइन? या टेबलावर? आप्पा वर बसून काय म्हणतील?"

"आप्पांना वर काय प्यायला मिळतंय कुणास ठाऊक. त्यांनाही बदल हवाच असेल."

"मी हे होऊ देणार नाही. आम्ही सगळे होऊ देणार नाही." मालकांनी हात पसरून आपल्या फौजेकडे पाहिलं. "काय?"

फौज ताटात पाहत होती.

"काय गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मी तुमच्याच बाजूनं आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "शंभर टक्के. फक्त गिऱ्हाईक मागतं हो. दुकानात येतं आणि म्हणतं, ती पलीकडची आहे का? आता गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं?"

"मग तू काय म्हणतेस?"

"काही म्हणत नाही. कागदात गुंडाळून देते."

मालकांना आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा त्यांनी टेबलाची कड धरली.

"माझ्या दुकानात?"

"माझ्या दुकानात," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि तेवढ्या एका बाटलीबरोबर तुमच्या दोन जातात. मी काही खुळी नाही."

"दादा, तू शांत हो," धाकटा मध्ये पडला. "तुझं बीपी वाढेल. वहिनीचं चुकलंच. घरचा भेदी लंका दहन, दुसरं काय."

"बोलू नका भावजी, जास्त," मालकीणबाई कडाडल्या. "तुमची गाडी आठवड्यात कितीदा टेकडी ओलांडते, सांगू का?"

"तू पर्यटकांना तिकडे नेतोस?" मालकांचा आवाज चिरकला.

"फक्त संडासासाठी, दादा!" धाकटा कळवळून म्हणाला. "आईशप्पथ! तुझ्याकडे एकच आहे, आणि त्याची कडी लागत नाही. मागच्या वेळी एका बाईनं आत बसून अख्खा वेळ गाणं म्हटलं, कुणी येऊ नये म्हणून. तिकडे बघ, फरशी कशी चकचकीत असते, फुलं ठेवलेली असतात..."

"आणि मग ते तिथं एकेक ग्लास घेतात," लेक म्हणाली.

"आता गेलंच आहे माणूस तर..."

मालक लेकीकडे वळले. हे पोर तरी आपलं होतं. लहानपणी द्राक्षांच्या टोपलीत झोपायचं.

"बाबा, माझ्याकडे तसं बघू नका," लेक म्हणाली. "त्यांचं चाचणीचं यंत्र बिघडलं होतं, म्हणून नमुने आपल्याकडे आणले होते. मी तपासून दिले. शेजारधर्म."

"मग? कशी होती?" हा प्रश्न मालकांच्या तोंडून निसटला, आणि निसटल्याबरोबर त्यांना स्वतःच्याच मुस्काटात मारावंसं वाटलं.

"आकडे चांगले होते," लेक म्हणाली, आणि तिनं माशाचा काटा बाजूला काढला.

म्हणजे सगळं घर फितूर. मालकांनी रागाच्या भरात माशाचा आणखी एक तुकडा तोंडात कोंबला. चावता चावता त्यांच्या डोक्यात एक वेगळाच किडा वळवळला. आक्का मघापासून टेबलाशी बसून होती. मासा मात्र कढईतून आत्ता काढल्यासारखा गरम होता. आणि आतून अजून चर्र चर्र आवाज येत होता.

"आक्का," ते भरल्या तोंडानं म्हणाले, "आत कोण तळतंय?"

आतला आवाज थांबला. स्वयंपाकघराचं झुलतं दार हळूच उघडलं आणि आधी एक पांढरीशुभ्र मिशी बाहेर आली. मागोमाग झारा, आणि मग कमरेला आक्काचा फुलाफुलांचा एप्रन बांधलेला व्हिनेगरवाला.

"नमस्कार मंडळी," तो म्हणाला. "शेवटचा घाणा काढू का, की पुरे?"

मालकांच्या तोंडात त्याच माशाचा घास होता, ज्याची त्यांनी भर टेबलावर जन्मातला पहिला म्हणून तारीफ केली होती. थुंकावा तर जीभ तयार नव्हती.

"मासा ठीक आहे," शेवटी ते म्हणाले. "वाइनचं बोलू या. आत्ताच्या आत्ता निकाल लागू दे. तुमची एक बाटली, माझी एक. झाकून. दोघांनी चाखायची. ज्याला आपली ओळखता येणार नाही, त्यानं गुमान माघार घ्यायची."

"कशाला उगाच?" व्हिनेगरवाला म्हणाला. "जेवणाचा बेत चांगला चाललाय."

"घाबरलात?"

मिशीची दोन्ही टोकं वर झाली. "आणतो बाटली," तो म्हणाला.

झाकायचं कशात, हा प्रश्न मालकीणबाईंनी सोडवला. त्यांच्या पिशवीत लोकरीचे मोजे होतेच. त्या ते घेतल्याशिवाय कुठं जात नसत. एक लाल, एक हिरवा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा उपयोग होत होता, त्यामुळे त्यांचं निकालाकडे लक्षच राहिलं नाही. आक्का दोन्ही बाटल्या आणि मोजे घेऊन आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. बाटल्या मोज्यांत होत्या आणि बर्फासारख्या गार होत्या.

मालकांनी लाल मोज्यातली वाइन ग्लासात घेतली, उजेडाकडे धरली, गोल फिरवली आणि नाक आत घातलं. मग घोट घेतला, तोंडात खेळवला आणि डोळे मिटले. हिरवीचा घोट घेताना त्यांनी डोळे मिटले नाहीत. उलट मोठे केले.

"सोपं आहे," ते म्हणाले. "लाल माझी. हिला बोलतं करावं लागत नाही, ती स्वतः बोलते. आमच्या उताराची माती, समुद्राचा खारा वारा, आप्पांचा घाम... सगळं आहे हिच्यात. आणि ही हिरवी," त्यांनी ग्लास दोन बोटांनी दूर सारला, "कुणाचं मन दुखवायचं नाही मला. पण काकडी आहे का घरात?"

"बघू," व्हिनेगरवाला म्हणाला. त्यानंही लाल चाखली आणि हिरवी चाखली. मिशी पुसली. "मला वाईट वाटतं, पण लाल माझी आहे."

"काय?"

"माझीच आहे. पोटच्या पोराला माणूस अंधारातही ओळखतो. हिरवी तुमची. वाईट नाही, पण लाकडाचा वास जरा जास्त. टेबल चाटल्यासारखं वाटतं."

"टेबल? लाल माझी आहे!"

"माझी आहे!"

दोघांनीही एकाच वेळी बाटली धरली. मोजा ताणला जाऊ लागला. "अहो, वीण उसवेल!" मालकीणबाई ओरडल्या. धाकट्यानं गुपचूप दोन्ही ग्लासांतलं थोडं थोडं पिऊन पाहिलं आणि त्याला काहीच फरक कळला नाही, पण असं बोलणं बरं दिसत नाही म्हणून तो गप्प बसला. लेकीनंही दोन्ही चाखल्या. तिनं आत्याकडे पाहिलं, आत्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि लेकीनं रुमाल तोंडावर धरला. तिचे खांदे हलायला लागले.

"झालं तुमचं?" आक्का म्हणाली. ती आत गेली आणि पुठ्ठ्याचं एक खोकं घेऊन आली, खाली प्लास्टिकची तोटी असलेलं. सुपरमार्केटात साबणाच्या पावडरीशेजारी ठेवतात, तसलं. तिनं ते धाडकन टेबलावर ठेवलं.

"लाल ही. आणि हिरवीही हीच. शिंपले शिजवायला वापरते मी. तुमच्या दोघांच्या बाटल्या आत आहेत, बुचंसुद्धा काढलेली नाहीत."

बाहेर एक बोट भोंगा वाजवून गेली. मालक त्या खोक्याकडे असे पाहत होते, जणू त्यातून आत्ता आप्पा बाहेर येणार. मातीचं, वाऱ्याचं, घामाचं सगळं बोलणं त्यांच्या कानात परत वाजलं. शेजारी मिशी खाली उतरली होती. पोटचं पोर तोटीतून निघालं होतं.

मग दोघांनी एकदमच मान वर केली.

"तू ही शिंपल्यांत घालतेस?" मालक म्हणाले.

"गिऱ्हाइकांच्या?" व्हिनेगरवाला म्हणाला.

"आमच्या डोळ्यांदेखत?"

"आणि आम्ही ते बोटं चाटून खातो?"

"हे बंद झालं पाहिजे," मालक म्हणाले.

"आजच," व्हिनेगरवाला म्हणाला. तेव्हा कुठं दोघांच्या लक्षात आलं की आपण एकाच बाजूनं भांडतोय, आणि दोघंही दचकून एकमेकांपासून वीतभर लांब सरकले.

आक्का ताटं उचलून आत गेली. थोड्या वेळानं मालकही गेले. सगळ्यांदेखत हसं झाल्यावर माणसानं जायचं तरी कुठं. आक्का खुर्चीवर बसून एक पाय स्टुलावर ठेवून काटे-चमचे पुसत होती.

"पायाला काय झालं?"

"गुडघा. गेल्या थंडीपासून."

"बोलली नाहीस."

"तुझ्या वेलींना शिंक आली तरी तुला टेकडीच्या या टोकावरून त्या टोकावर ऐकू येते, बाळ्या. माणसांचं तुला ओरडून सांगावं लागतं. मला ओरडायचा कंटाळा आला."

मालकांनी दुसरा रुमाल घेतला आणि तेही चमचे पुसू लागले.

"धक्क्यावरून मासळीची खोकी वर कोण आणतं सकाळी?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"तुला काय वाटलं, मासे चालत येतात?" आक्का म्हणाली. "ते आणतात. पहाटे टेकडी उतरून येतात, खोकी आणतात, खवले काढून देतात. पहिल्या दिवशी मी म्हटलं, कशाला? तर म्हणाले, ज्या घरानं माझं नाव ठेवलं, ते एकदा जवळून बघावं म्हटलं. मग रोज यायला लागले. हसवतात रे मला. एवढंच आहे. कढई घासता घासता एक दिवस मीच विचारलं."

"तू विचारलंस?"

"ते कधी विचारणार? तुला घाबरतात ते."

मालकांना हे ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं. एकच चमचा ते कितीतरी वेळ पुसत राहिले.

"तू पलीकडे राहायला जाणार?" त्यांनी चमच्यालाच विचारलं.

"हॉटेल सोडून मी कुठं जाते? तेच इकडे येणार. वरच्या खोलीत." आक्कानं त्यांच्या हातातला चमचा काढून घेतला. "अरे, मी आहे इथंच. नाक पूस."

मालकांनी नाक पुसलं. सर्दी झाली होती, दुसरं काही नाही. बाहेर येऊन त्यांनी जाहीर केलं की मेनूचं पुढं बघू, पण शिंपल्यांसाठी उद्यापासून टेकडीवरून पिंप येईल. व्हिनेगरवाला म्हणाला की पिंप त्याच्याकडूनही येऊ शकतं. मग एका आठवड्याला एक, दुसऱ्याला दुसरं, असं ठरलं. पहिलं कुणाचं, यावर परत आवाज चढले. तोवर मालकीणबाईंनी दोन्ही मोजे धुऊन खुर्चीच्या पाठीवर वाळत घातले होते.

निघायची वेळ झाली तशी सगळे बाहेर आले. व्हिनेगरवाल्याची जुनाट व्हॅन हॉटेलाशेजारच्या उतारावर उभी होती. त्यानं किल्ली फिरवली. व्हॅननं एक उसासा टाकला आणि गप्प झाली. परत फिरवली, तर उसासाही नाही.

"बॅटरी गेली," धाकटा जाणकारासारखा म्हणाला. "धक्का मारावा लागेल."

सगळ्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी आभाळाकडे पाहिलं, पण आभाळात त्यांच्या कामाचं काही नव्हतं. मग कोट काढून बायकोच्या हातात दिला, बाह्या सारल्या आणि ते व्हॅनच्या मागं जाऊन उभे राहिले. एका बाजूला धाकटा, दुसऱ्या बाजूला लेक. "हं!" म्हणून त्यांनी जोर लावला. व्हॅन ढिम्म. "एक, दोन..." परत जोर. मालकांचा चेहरा पिकलेल्या काळ्या द्राक्षासारखा झाला, बुटाचा तळवा सुटू लागला, धाकट्याच्या शर्टाचं बटण तुटून समुद्रात गेलं. व्हॅन तसूभरही हलली नाही. उतारावर असूनही.

उतारावर असूनही! मालकांनी काचेतून आत वाकून पाहिलं आणि त्यांच्या अंगाची लाहीलाही झाली.

"अहो दाजी," ते गरजले, "आधी तो हँडब्रेक तरी काढा!"

मालकीणबाईंच्या हातातला कोट खाली घसरला. दारात उभ्या असलेल्या आक्कानं चौकट धरली. खिडकीतून मिशी हळूहळू बाहेर आली.

"काय म्हणालात?"

"हँडब्रेक! हँडब्रेक म्हणालो!"

"त्याच्या आधी."

मालकांनी मागं वळून पाहिलं. सगळं घर त्यांच्याकडे टक लावून पाहत होतं, आणि एकाच्याही चेहऱ्यावर दयामाया नव्हती.

"काढताय की नाही?" मालक म्हणाले, आणि त्यांनी परत खांदा लावला. "नाहीतर तेही परत घेईन."